वधूपित्याचा सॅक्सोफोन

"साहेब, सॅक्सोफोन पाण्यात बुडवला तं काही होते काय जी?"

सकाळचा चहा हातात होता आणि फोनवर सुखरामभाऊ होते. मी सगळी नोकरी पोलिसांच्या बँडमध्ये सॅक्सोफोन वाजवून काढली. ड्यूटी वाद्याची असली तरी खातं पोलिसांचंच, त्यामुळे एक गोष्ट अंगात मुरली आहे. माणूस 'असं केलं तर काय होते' म्हणून विचारतो, तेव्हा ते करून झालेलं असतं.

"कधी बुडवला?" मी विचारलं.

"मी तं 'बुडवला तं' म्हणून राहिलो."

"कधी बुडवला, सुखरामभाऊ?"

पलीकडून हळूच, "काल. पण पुरा नाही जी. अर्धाच."

याच आठवड्यात त्यांच्या पोरीचं लग्न होतं, आणि त्या लग्नात हे गृहस्थ सॅक्सोफोन वाजवणार होते. तसं पत्रिकेत छापलेलं होतं. मी चहा खाली ठेवला आणि म्हणालो, "जसा आहे तसा घेऊन या. आता काही करू नका. पुसूही नका."

ते येईपर्यंत हे प्रकरण काय होतं ते सांगतो.

रिटायर झाल्यावर मी अड्याळला माझ्या घरी आलो आणि पुढच्या खोलीत शिकवणी सुरू केली. बाहेर पाटी लावली. पहिले काही महिने लोक फक्त पाटी वाचून जायचे. सुखरामभाऊ हे पाटी वाचून आत आलेले पहिले. त्यांचं जुनं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली गेलं. आता ते पुनर्वसनाच्या नव्या गावात राहतात आणि मासेमारी करतात. त्यांच्या हातात चादरीत गुंडाळलेला एक आल्टो सॅक्सोफोन होता. आल्टो म्हणजे या घराण्यातला मधला भाऊ, नवशिक्याला बरा. एका बँड पार्टीने धंदा बंद करून डीजे घेतला, तिच्याकडून त्यांनी तो जुना उचलला होता.

शिकायला येणाऱ्यांचे प्रश्न ठरलेले असतात. सुखरामभाऊंनी एकही सोडला नाही.

पहिला प्रश्न त्यांनी वाद्यावर नख वाजवून विचारला. "हे तं पितळ हाय. मंग याले लाकडाच्या वाद्यात काहून धरते म्हणे?"

आमच्या भंडारा जिल्ह्यात पितळ ओळखायला कोणी चुकत नाही, भांड्यांचाच जिल्हा आहे. म्हणून हा प्रश्न मला येणारच. उत्तर सोपं आहे. अंग पितळेचं असलं तरी आवाज पितळेतून निघत नाही. तोंडात धरायचा जो भाग, त्याला माऊथपीस म्हणतात. त्याला वेताची एक पातळ पट्टी बांधलेली असते, ती रीड. फुंकलं की ती थरथरते आणि तिथून आवाज सुरू होतो. म्हणून हा सनई-क्लॅरोनेटच्या पंगतीत बसतो, बिगुलाच्या नाही. रीड कोरडी असली की वाजत नाही, आधी तोंडात धरून ओली करावी लागते.

"म्हणजे याले पाणी पाह्यजे," सुखरामभाऊ म्हणाले.

"रीडला," मी म्हणालो. तेव्हा आणखी दोन शब्द बोलायला हवे होते, हे मला पुढे कळलं.

दुसरा प्रश्न, "छाती मजबूत लागते काय?" हे त्यांनी विचारलं ते उत्तर माहीत असल्यासारखं. तळाला अडकलेलं जाळं सोडवायला ते बुडी मारतात आणि वरची माणसं घाबरी होईपर्यंत वर येत नाहीत, अशी त्यांची ख्याती. त्यांनी गाल फुगवले, डोळे मोठे केले आणि फुंकलं. नुसती हवा. पुन्हा फुंकलं. मग जो आवाज निघाला, त्यावर आमच्या मंडळींनी स्वयंपाकघरातून विचारलं, "अजी, बकरी कोणाची अडकली?"

छाती लागते, पण जोर लागत नाही. खालचा ओठ दातांवर आत वळवायचा, त्याची गादी करायची, रीड तिच्यावर ठेवायची. वरचे दात माऊथपीसवर टेकवायचे. गाल फुगवायचे नाहीत. श्वास पोटातून, बारीक आणि सरळ सोडायचा. हे ऐकल्यावर सुखरामभाऊंचा चेहरा पडला. एवढ्या छातीचं आता करायचं काय, असं त्यांना वाटलं असावं.

तिसरा प्रश्न बोटांचा. "बटनं एवढी, अन् बोटं दहाच." तेही दहा नाहीत. उजवा अंगठा नुसता वजन पेलतो. बाकीची बोटं आपापल्या जागी बसलेली असतात, ती फार हिंडत नाहीत.

आणि शेवटचा प्रश्न सगळ्यांचा असतो. "किती दिवसांत येते?"

माझं उत्तर पाठ आहे. "आवाज आजच येईल. गाणं यायला काही महिने. आणि शेजाऱ्यांना सहन होईल असं वाजवायला वर्ष."

"मंग पंचाईत झाली जी," असं म्हणून त्यांनी खिशातून पत्रिकेचा नमुना काढला. पोरगी अश्विनी, नागपूरला दवाखान्यात नर्स. नवरदेव तुमसरकडचा. लग्न उन्हाळ्यात. आणि खाली, जिथे लोक 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं' छापतात, तिथे छापलं होतं : सॅक्सोफोन वादन – वधूपिता.

"आधी छापलं आणि मग शिकायला आलात?"

"छापलं नसतं तं आलो नसतो, साहेब. मी मले ओळखतो."

तरुणपणी ते जुन्या गावात वरातीत डोक्यावर गॅसबत्ती घेऊन चालायचे. त्यांची जागा सॅक्सोफोनवाल्याच्या बाजूला. "सारी वरात नाचे, अन् मी त्याच्या बोटाकडे पाहो. एक डाव बत्ती घेऊन नालीत पडलो," ते म्हणाले. तेव्हापासून मनात होतं. पोरीला सांगितलं, तर ती म्हणाली, "वाजवा बाबा. पण खरोखर वाजवा. मांडवात कोणी तुमच्यावर हसलेलं मले नाही चालणार." तिकडे व्याह्यांनीही दहा ठिकाणी सांगून ठेवलं होतं की आमचे सोयरे स्वतः सॅक्सोफोन वाजवतात. आता मागे फिरायला रस्ता नव्हता.

तर शिकवणी लागली. माणूस मेहनती. पहाटे जाळी ओढून आल्यावर सराव करायचा. मासळीचा वास यायचा, पण सूरही यायला लागला. वरात मांडवाशी आली की वाजवायला एक लोकप्रिय सिनेगीत आम्ही बसवत आणलं. अडचण एकच. गाण्याचा शेवट खालच्या सुरांत जायचा आणि तिथे यांचा सॅक्सोफोन घोगरायचा, कधी मुकाच व्हायचा.

यामागचं कारण नवशिक्याला सांगावं लागतं, तुम्हालाही सांगतो. सॅक्सोफोन म्हणजे भोकं असलेली नळी. प्रत्येक भोकावर एक झाकण, आणि झाकणाच्या आत लोकरीच्या नमद्यावर पातळ चामडं ताणून केलेली गोल गादी. तिला पॅड म्हणतात. वरून जेवढी भोकं झाकाल तेवढी नळी लांब, आणि नळी लांब तेवढा सूर खालचा. एक जरी पॅड नीट बसलं नाही, तर हवा तिथूनच निसटते आणि त्याच्या खालचे सूर बिघडतात. याला आम्ही लीक म्हणतो. तपासायची रीतही साधी आहे. आत बारीक दिवा सोडायचा आणि कुठून उजेड फुटतो ते पाहायचं.

मी त्यांना त्याआधीच्या एका फोनवर एवढंच म्हणालो होतो, "कुठूनतरी हवा निघत असेल. घेऊन या, पाहू."

सुखरामभाऊंच्या आयुष्यात 'हवा निघते' याचा एकच अर्थ आहे. त्यांच्याकडे ट्रॅक्टरच्या ट्यूबवर बसून तलावात जाळं टाकतात. ट्यूब हीच नाव, ट्यूब हाच संसार. तिची हवा निघाली तर ती पाण्यात दाबतात, बुडबुडा येईल तिथे खडूने खूण करतात आणि ठिगळ लावतात. हा माणूस जन्मभर तेच करत आलेला. उगाच साहेबाला त्रास कशाला, असा विचार त्यांनी केला.

मोटारसायकल थांबली. चादर उघडली. मी वाद्य हातात घेऊन उजेडात धरलं.

खालच्या सगळ्या अंगावर खडूच्या खुणा होत्या.

"बुडबुडे कुठून आले?" मी विचारलं.

"सगळीकडून जी," सुखरामभाऊ गंभीरपणे म्हणाले. "म्या फुकलं अन् बायकोनं पाह्यलं. इतले पंक्चर असून हा वाजे कसा, हेच मले समजून नाही राहिलं."

"ती झाकणं उघडीच असतात, भाऊ. बोट ठेवल्यावर बंद होतात."

त्यांनी आपल्या बोटांकडे पाहिलं. "तरीच," ते म्हणाले.

"आणि हे काय?" खालच्या एका झाकणाच्या आत काळं रबर चिकटवलेलं होतं.

"ठिगळ. एकच लावलं. मंग बायको म्हणे, साहेबाले विचारून घ्या."

त्या माउलीचे मी मनातल्या मनात आभार मानले. "वाळवला कुठे?"

"उन्हात. मासोळ्या वाळवतो त्या चटईवर."

आमच्याकडचं वैशाखातलं ऊन. चामडं आधी पाण्याने फुगलं, मग उन्हाने पापडासारखं वाळून वर वळलं. आधी एका ठिकाणी लीक होती. आता खालच्या अर्ध्या भागात हात लावाल तिथे होती. नागपूरला माझ्या ओळखीचा एक रिपेअरवाला आहे, त्याला व्हिडिओ कॉल करून दाखवलं. त्याने पाहिलं, खडूच्या खुणा पाहिल्या आणि विचारलं, "हवालदार साहेब, याच्यावर पंचनामा झाला काय?" पॅड सगळी बदलावी लागतील, आणि लग्नाआधी ते होणार नाही, उसना द्यायला दुसरा आल्टोही नाही, असंही तो म्हणाला.

माझा स्वतःचा आहे तो टेनर, म्हणजे थोरला भाऊ. तो त्यांच्या गळ्यात अडकवून पाहिला. आल्टोवर बसलेलं तोंड त्यावर बसेना. आवाज असा निघाला की बाहेर बसलेलं कुत्रं उठून गेलं.

"मी वाजवतो तुमच्या जागी," मी म्हणालो. "मांडवात कोण विचारते?"

"पत्रिकेत 'वधूपिता' छापलं हाय जी," सुखरामभाऊ म्हणाले. "तुम्ही तिचे बाप थोडी हाय." आणि मग हा दांडगा माणूस माझ्या खुर्चीत बसून गमछ्याने डोळे पुसायला लागला. "ते म्हणे, खरोखर वाजवा. मी तिले काय सांगू आता?"

मला राग आला होता, तो तिथेच गेला. मी त्यांचा सॅक्सोफोन पुन्हा हातात घेतला आणि एकेक सूर तपासायला लागलो.

बुडवताना त्यांनी तो मानेला, म्हणजे माऊथपीसखालच्या वाकड्या नळीला, धरला होता. म्हणून वरचा भाग कोरडा राहिलेला. डाव्या हाताची पॅड शाबूत होती. वर सांगितलं ते आठवा, वरचे सूर वाजवताना खालची भोकं उघडीच असतात. त्यांची पॅड फुटकी असोत की धड, फरक पडत नाही. मी डाव्या हाताची बोटं ठेवून एकेक करून उचलली. सा आला. रे आला. ग आला. म आला. अगदी स्वच्छ. त्याखाली गेलो की नुसतं खोकणं.

"चार सूर आहेत," मी म्हणालो.

"चारात आपलं गाणं बसते काय?"

"ते नाही बसत. दुसरं बसते. मंगलाष्टकं."

मी बौद्ध घरातला. आमच्या लग्नात मंगलाष्टकं नसतात, जयमंगल गाथा असते. पण नोकरीत साहेब लोकांच्या पोरापोरींची इतकी लग्नं वाजवली की ती चाल कानात बसली आहे. खाली नाही, फार वर नाही. चार सुरांच्या अंगणात फिरते आणि शेवटी 'सावधान'वर ताणून थांबते.

"ते तं महाराज म्हणतेत," सुखरामभाऊ म्हणाले.

"महाराज म्हणतील. तुम्ही मागून तीच ओळ वाजवायची."

महाराजांना, म्हणजे लग्न लावणाऱ्या भटजींना, भेटलो. शांत माणूस. त्यांची एकच काळजी होती. "मुहूर्त टळला नाही पाह्यजे. याचा दम किती टिकते?"

"दमाची काळजी सोडा," मी म्हणालो.

लग्नाच्या दिवशी मांडवात माणूस मावत नव्हता. माईकवाल्याने एक माईक महाराजांना दिला आणि दुसरा थेट सॅक्सोफोनच्या तोंडाशी लावला. तोंड म्हणजे खालून वर वळलेला तो मोठा कर्णा. तो वर आ वासून असतो, ही गोष्ट कोणाच्याच लक्षात आली नाही, माझ्याही नाही.

अंतरपाट धरला. एका बाजूला अश्विनी, दुसऱ्या बाजूला नवरदेव, बाजूला सुखरामभाऊ, नवं धोतर, गळ्यात पट्टा, पट्ट्याला वाद्य. महाराजांनी पहिली ओळ म्हटली. सुखरामभाऊंनी ती वाजवली. बाया एकमेकींकडे पाहायला लागल्या. सूर साधा होता, पण खरा होता. पहिल्या रांगेतल्या व्याह्यांनी मागे वळून सगळ्यांकडे पाहिलं, जणू शिकवणी त्यांनीच घेतली होती.

मग आलं 'सावधान'. या शब्दावर अक्षता टाकायच्या, हा आपला रिवाज. सुखरामभाऊंनी सूर धरला आणि धरूनच ठेवला. ती बुडी मारणारी छाती, तिला आता कुठे काम मिळालं होतं. सूर थांबेना, म्हणून लोकही थांबेनात. हातातल्या अक्षता संपल्या, तेव्हा परातीतून पुन्हा घेतल्या. वधू-वर आणि वधूपिता एकाच जागी उभे, त्यामुळे निम्मे तांदूळ कर्ण्यात. माईक तिथेच होता. तांदूळ पितळेवर पडल्याचा आवाज साऱ्या गावाने स्पीकरवर ऐकला. पत्र्यावर गारा पडतात तसा. पोरं हसली, महाराजांनी डोळे वटारले, सुखरामभाऊ वाजवत राहिले.

दुसऱ्या, तिसऱ्या अष्टकालाही तेच. वाद्य जड व्हायला लागलं असावं, कारण ते जरा पुढे वाकले. पण तांदूळ तळाला होते आणि तळाचे सूर आम्हाला लागतच नव्हते.

शेवटचं अष्टक. महाराजांनी ओळ म्हटली आणि थांबले. सुखरामभाऊंनी माऊथपीस तोंडात घेतलं आणि नेमकं त्याच वेळी अश्विनीकडे पाहिलं.

एक गोष्ट मी शिकवताना सांगतो. सॅक्सोफोन वाजवताना रडता येत नाही. खालचा ओठ थरथरला की रीडखालची गादी गेली, आणि गादी गेली की सूर गेला. नुसती हवा निघाली. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा हवा. स्पीकरमधून साऱ्या मांडवाला एका बापाचा श्वास ऐकू येत होता. अक्षतांच्या मुठी उचललेल्या तशाच राहिल्या. महाराज घड्याळ बघायला लागले.

अंतरपाटाच्या बाजूने अश्विनी म्हणाली, "बाबा, फुका नं. हार धरू धरू हात दुखून राहिले माहे." आवाज तिचाही ओला होता.

मांडव हसला, पण त्यांच्यावर नाही. सुखरामभाऊंनी गमछ्याने तोंड पुसलं. रीड ओली केली. ओठ वळवला. सूर सुरुवातीला फाटला, मग सरळ झाला, आणि मी आजवर ऐकलेलं सगळ्यात लांब 'सावधान' त्या दिवशी ऐकलं. परेडला असा सूर फाटला असता, तर बँडमास्टरने माझी दिवसभराची हजेरी घेतली असती. इथे मी काही बोललो नाही आणि बोलणारही नाही.

पंगत बसल्यावर आम्ही सॅक्सोफोन परातीवर उलटा केला. पिवळे तांदूळ पडतच राहिले. सुखरामभाऊंच्या बायकोने ते पदरात घेतले आणि त्या म्हणाल्या, "पोरीच्या अंगावरचे हायेत, टाकू नका."

व्याही हात पुसत आले. "हवालदार साहेब, पुढच्या साली माह्या लहान्याचं लगन हाय. मलेही शिकवा. पण तेवढे चारच सूर शिकवजा. बाकीच्याले टाइम नाही."

नंतर नागपूरच्या माणसाने पॅड बदलून दिली. आता सगळे सूर लागतात. मला वाटलं होतं, काम झालं, हे गृहस्थ काही आता यायचे नाहीत. पण पावसाळा लागायच्या आधी मोटारसायकल दारात थांबली.

"आता कशाची घाई?" मी विचारलं. "लग्न तर लागलं."

"घाई नाही जी," सुखरामभाऊ खुर्चीत बसत म्हणाले. "आधी पोरगी नागपूरवरून सुट्टीले घरी ये. आता संध्याकाळी घर लय खाली लागते. बायको म्हणे, काही तं वाजवत जा. पर खालचे सूर मले अजून जमत नाही, चार सुरांत एकच होते, अन् ते वाजवलं का बायको रडते."

म्हणून सध्या आम्ही खालचे सूर घेत आहोत.

या प्रकरणातून मी धंद्यापुरता घेतलेला धडा एवढाच. सगळे सूर लागत नाहीत म्हणून कार्यक्रम रद्द करू नये. जे लागतात ते नीट वाजवावेत, आणि लग्नात वाजवायचा असेल, तर कर्ण्यावर आधी जाळीचं कापड बांधावं.